रात्रीची लाईट, दिवसाची लाईट



दोन वर्षांपूर्वीच्या रब्बीतली गोष्ट. ज्वारीवरच्या लष्करी अळीच्या पाहणीसाठी मी एका गावात गेलो होतो. ज्यांचा प्लॉट बघायचा होता त्या आप्पांनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "साहेब, या तर सकाळी आठच्या आत या, नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात मी झोपलेला असतो." आप्पांचं वय साठीच्या पुढचं. दुपारी झोपणारा हा माणूस नव्हे. पण त्या आठवड्यात त्यांच्या फिडरला थ्री फेज रात्री दहा ते सकाळी सहा होती. रात्रभर उसात दारं धरायची आणि दिवसा झोप काढायची, असं चाललं होतं.

बांधावर बसल्यावर आप्पांनी सरळ विचारलं, "साहेब, कारखान्याला दिवसा, शहराला चोवीस तास, मग रात्रीची लाईट आमच्याच वाट्याला का? विजेला आमचंच वावडं आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कृषी पदविकेचा माणूस. नत्र-स्फुरद-पालाश विचारा, सांगतो. व्होल्ट-अँपिअर शिकलेलो नाही. तरी प्रश्न डोक्यातून जाईना. मग सबस्टेशनच्या ऑपरेटरबरोबर दोन-तीन संध्याकाळी बसलो, एका इंजिनिअर मित्राला गाठलं, थोडं वाचलं. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो. आपली मोटर का जळते आणि गायरानाच्या ठरावावर सही करताना काय बघायचं, या दोन्ही गोष्टी त्यातच आहेत.

वीज कणगीत भरता येत नाही

ज्वारी झाली की आपण कणगीत भरतो आणि लागेल तशी काढतो. विजेचं तसं नाही. तुम्ही स्टार्टरचं हिरवं बटण दाबता त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज जादा तयार व्हावी लागते. बंद केली की तेवढीच कमी व्हावी लागते. आता बॅटऱ्या आल्या आहेत हे खरं, पण देशाला लागणाऱ्या विजेपुढे त्यांची साठवण अजून किरकोळ आहे.

रसवंतीचा चरक बघा. इंजिन एका लयीत फिरत असतं. पोऱ्याने एकदम चार कांडी आत घातली की इंजिन दबतं, आवाज बसतो. ऊस संपला की इंजिन मोकाट धावतं. चालवणारा ॲक्सिलरेटर कमीजास्त करून लय सांभाळतो. देशभरची वीजकेंद्रं हे असंच एक मोठं इंजिन आहे आणि त्याची लय सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली की लय ५० च्या खाली येते, मागणी घटली की वर जाते. सध्याच्या नियमाने ती ४९.९० ते ५०.०५ च्या मध्येच ठेवायची असते. महाराष्ट्रापुरती ही राखण ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात चोवीस तास चालते.

हे इंजिन किती मोठं आहे, याची खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि तोपर्यंत वेगळ्या लयीवर चालणारं दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाला जोडलं गेलं. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी एकच लय ज्या जोडणीने झाली तिचं एक टोक सोलापुरात आहे. त्या मोठ्या मनोऱ्यांखालून आपण रोज मोटारसायकलवर जातो आणि वर बघतसुद्धा नाही.

एका जाळ्याचा फायदा असा, की एकीकडे कमी पडलं तर दुसरीकडून घेता येतं. धोकाही तिथेच. ३० जुलै २०१२ ला मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं सगळं जाळं बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही बसली. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वेगाड्या रुळावर उभ्या राहिल्या. त्या साली उत्तरेत पाऊस लांबला होता, भाताच्या मोटारी रात्रंदिवस चालू होत्या आणि काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. बऱ्याच लाईनी आधीच बंद होत्या. उरलेला भार बीना-ग्वाल्हेर लाईनवर आला, ती तुटली आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारखं झालं. आपलं पश्चिमेचं जाळं मात्र वाचलं.

सांगायचा मुद्दा हा, की तुमची पाच एचपीची मोटरही त्याच इंजिनाला जोडलेली आहे.

रात्रीच का?

आता आप्पांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. आपल्या दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २०१७ चा आणि दुसरा २०१९ चा. कोळशाचा बॉयलर म्हणजे गुऱ्हाळाची चुलवण. एकदा पेटवली की ती संध्याकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटवणं परवडत नाही. थंड झालेला संच पूर्ण तापून चालायला कित्येक तास जातात. म्हणून तो कमी आचेवर का होईना, रात्रभर चालू ठेवावा लागतो.

रात्री अकरानंतर मात्र घरं झोपतात, दुकानं बंद होतात, मागणी उतरते. केंद्रात वीज आहे आणि घ्यायला कुणी नाही. मग ती कुणाला द्यायची? ज्याला तुकड्या-तुकड्याने दिली तरी चालेल अशाला. घराचा दिवा, दवाखाना, कारखान्याचा पट्टा हे आठ तास बंद ठेवता येत नाही. उसाचं पाणी आज रात्री दिलं काय नि परवा दिवसा दिलं काय, पिकाला फारसा फरक पडत नाही. गावठाण आणि शेतीचे फिडर वेगळे झाल्यावर हे सोपं झालं. गावात दिवे चालू ठेवून शेताची थ्री फेज पाळीने देता येऊ लागली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री.

इंजिनाच्या हिशेबाने हे बरोबरच होतं. पिकाला चालतं हेही खरं. माणसाला चालतं का, हे त्या हिशेबात धरलेलं नव्हतं. घोणस रात्रीच बांधावर येते. ओल्या हाताने अंधारात स्टार्टरला हात लावावा लागतो. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा जीव घेतला, तेव्हा लोक दिवसासुद्धा उसात शिरायला धजत नव्हते. मग रात्रीच्या पाळीचं काय झालं असेल ते सांगायला नको. पाणीही वाया जाई. लाईट आली की ऑटोवर मोटर सुरू, घरधनी अंथरुणात, आणि सकाळी बघावं तर वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात.

पाण्याच्या विजेची गोष्ट वेगळी. कोयनेची जनित्रं काही मिनिटांत चालू होतात आणि काही मिनिटांत बंद. कोयनेची सगळी मिळून ताकद १९६० मेगावॅट आहे, पण पाणी मोजकं. पश्चिमेकडे वळवायचं पाणी लवादाने ठरवून दिलेलं. म्हणून कोयना जपून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला वापरतात. कोळशाला तरी पाणी कुठे चुकतं? २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. आपल्या उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं छोटं केंद्र आहे, त्यातलं यंत्र उलटं फिरवून पाणी परत वर टाकण्याचीही सोय आहे. नगर जिल्ह्याच्या कडेला घाटघरला तोच प्रकार मोठ्या मापाने, २५० मेगावॅटचा आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, महाग वेळी खाली सोडायचं. विजेची कणगी म्हणायची तर सध्या हीच.

आता दुपार स्वस्त झाली

गेल्या दहा वर्षांत एक मोठी उलथापालथ झाली. सौर वीज आली. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण ताकदीत कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांचा, म्हणजे सौर, वारा, पाणी आणि अणू यांचा वाटा निम्म्यावर गेला. हे ऐकून हुरळून जाऊ नका. ताकद निराळी आणि प्रत्यक्ष पडणारं युनिट निराळं. सौर पॅनेल रात्री झोपतं, पावसाळ्यात डुलक्या घेतं. बैल दोन असले तरी एक निम्माच दिवस औताला येतो, तसंच. प्रत्यक्ष युनिटं अजून बहुतांश कोळशाचीच आहेत.

पण वेळेचं गणित फिरलं. पूर्वी जादा वीज मध्यरात्री असायची. आता सकाळी नऊ ते दुपारी चार सौर विजेचा लोंढा येतो. कोळशाचे संच दुपारी दबते ठेवावे लागतात आणि दिवस मावळला की पुन्हा ताणावे लागतात. खरी ओढाताण संध्याकाळी सहा ते दहाला होते. म्हणून केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत उन्हाच्या वेळची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग अशी वेळेनुसार दराची पद्धत आली. शेतीपंप त्यातून वगळले आहेत.

म्हणजे बघा, जी अडचण होती तीच सोय झाली. ज्याला तुकड्याने वीज चालते असं गिऱ्हाईक पूर्वी रात्री हवं होतं, ते आता दुपारी हवं आहे. आपल्याला दिवसा वीज मिळू लागली ती कुणाला आपली दया आली म्हणून, असं समजायचं कारण नाही. आंदोलनं झाली, मागण्या झाल्या, त्यांचा वाटा आहेच. पण इंजिनाचा हिशेबही आपल्या बाजूला आला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनच्या आसपास काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा, तिथली वीज तिथल्याच शेतीच्या फिडरला द्यायची. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ ला वैजापूर तालुक्यात धोंदलगावला चालू झाला.

साधा हिशेब करू. पाच एचपीची मोटर तासाला साधारण पाच युनिट खाते, आठ तासांत चाळीस. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार ते साडेचार हजार युनिटं देतो. म्हणजे शंभरेक मोटारी. जागा लागते चार-पाच एकर. ढग आले तर? तर तो फिडर नेहमीसारखा जाळ्यातून वीज घेतो. तुमच्या मोटरीला फरक कळत नाही.

स्वतःचा सौर पंप घेणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. पाच एचपीच्या पंपाला पॅनेल साधारण पाच किलोवॅटचे असतात. ते दिवसाला वीस-बावीस युनिटं देणार. सकाळी धार बारीक, दुपारी जोरात, चारनंतर पुन्हा बारीक. लाईटच्या मोटरीएवढं पाणी सलग आठ तास पडेल या हिशेबाने पाटपाणी उसाचं नियोजन केलंत तर फसाल. ठिबकाला मात्र ही धार छान जुळते. आणि पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने सकाळी पुसा, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका.

आणखी एक बोलतो, रागावू नका. सौर पंपाला बिल नाही. इकडे २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिलही सरकार भरतं, ती योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. वीज फुकट झाली म्हणून विहिरीतलं पाणी फुकट होत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायची ताकद किती ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी असे बोअर पाहिलेत, की सौर पंप बसला, दिवसभर उपसा झाला आणि फेब्रुवारीतच धार तुटली.

गायरानाचा ठराव

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी दोन शब्द. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमीन आणि खासगी पडीक जमीन दोन्ही घेतात. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी साधारण ५० हजार. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतो तिला दरवर्षी ५ लाख, असे तीन वर्षं. माळरान, खडकाळ, खारवट जमीन असेल तर माझं मत, जरूर विचार करा. पण बागायती रान यात घालू नका. करार लांब मुदतीचा असतो, तो मुलाच्या संसारापर्यंत जातो. कागद वकिलाकडून वाचून घ्या.

गायरानाचं जपून. एका गावात मी ग्रामसभेला होतो. ठराव वाचला गेला, माना हलल्या, आणि मागे उभ्या असलेल्या एका धनगर बाईंनी विचारलं, "पॅनेलखाली शेरडं चरतील का?" सगळे हसले. मला तो सभेतला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न वाटला. प्रकल्पाला कुंपण असतं, आत जनावर सोडत नाहीत. मग गावातली शेळ्या-मेंढरं कुठे जाणार? त्या गावाने नंतर मोजणी करून गायरानाचा ओढ्याकडचा तुकडा आणि पाणवठ्याची वाट चराईला राखली आणि उरलेल्या माळाला संमती दिली. थोडा वेळ गेला, पण भांडण मिटलं. ठरावापूर्वी आणखी एक विचारा: या प्रकल्पाची वीज आपल्याच गावच्या फिडरला येणार का? सबस्टेशनला बरेच फिडर असतात. जमीन आपली आणि दिवसाची वीज शेजारगावाला, असंही होऊ शकतं.

डी.पी. का जळते

आता आप्पांकडे परत. त्यांच्या फिडरला मागच्या वर्षी दिवसाची वीज सुरू झाली. मला वाटलं, आता आनंदीआनंद. महिन्याभरात त्यांचाच फोन, "साहेब, लाईट दिवसा आली पण डी.पी. दोनदा गेली."

कारण ऐका. त्यांची डी.पी. ६३ केव्हीएची. त्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी. कॅपॅसिटर नसलेली मोटर डी.पी.वर साधारण सव्वासहा केव्हीएचा भार टाकते. दहाच्या झाल्या साडेबासष्ट. काठोकाठ! त्यात एखादा आकडा पडला, किंवा पाटीवर पाच एचपी आणि आतलं वाइंडिंग साडेसातचं असलं की झालंच. आणि हा चालू मोटरीचा भार झाला. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. रात्री कुणाची मोटर दहाला, कुणाची बाराला चालू व्हायची. आता नऊला लाईट आली की दहाही ऑटोस्विच एका क्षणात मोटर सुरू करतात. पाचपट धरलं तरी ६३ च्या डी.पी.वर ३०० च्या वर भार. व्होल्टेज बसतं, मोटर उचलत नाही, गुरगुरत राहते, वाइंडिंग तापतं. फ्यूज तेवढ्यात गेला तर वाचलो. पण फ्यूजच्या जागी जाडी तार गुंडाळलेली असते, मग जळायला डी.पी. नाहीतर मोटर उरते. बिल माफ झालं तरी रिवाइंडिंगचे पैसे खिशातूनच जातात आणि डी.पी. बदलून येईपर्यंत दहा जणांचं पीक सुकतं ते वेगळंच.

कॅपॅसिटरने काय होतं? तीच मोटर सव्वासहाऐवजी सव्वापाच केव्हीए ओढते. दहा मोटारींत दहा केव्हीए मोकळे होतात. तीन एचपीला १, पाचला २, साडेसातला ३ आणि दहाला ४ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लागतो. काही शे रुपयांची वस्तू आहे. मात्र माहितगार वायरमनकडूनच बसवा, आणि लाईट गेल्यावरही त्यात करंट राहतो, लगेच हात घालू नका. डी.पी.च्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात घागरभर पाणी ओतत चला. वीज कर्मचारी सोडून कुणीही डी.पी.वर चढायचं नाही. फ्यूज टाकता येतो म्हणणारी चांगली पोरं गेलेली मी पाहिली आहेत.

आप्पांनी आपल्या ओट्यावर दहाही जणांना बोलावलं. मी कागदावर वरचा हिशेब मांडून दाखवला. तासभर वादावादी झाली, जुनी बांधाची भांडणंही निघाली. शेवटी ठरलं ते असं: स्टार्टरच्या पेट्यांवर रंगाने एक ते दहा आकडे टाकायचे, ऑटो काढायचे, लाईट आली की एकेकाने पाच-पाच मिनिटांच्या अंतराने बटण दाबायचं. डी.पी.च्या जवळच्या मोटारी शेवटी, लांबच्या आधी, कारण लांब व्होल्टेज कमी पोचतं. दहाव्याला पाऊण तास थांबावं लागतं, म्हणून दर सोमवारी त्याची नि पहिल्याची अदलाबदल.

या गोष्टीला आता पाच महिने होत आले. डी.पी. तीच आहे, तेल गळालेलं नाही. आठ पेट्यांवर आकडे आहेत आणि ऑटो निघालेत. दोन मोटारी अजून ऑटोवर चालतात. कुणाच्या, ते गावाला माहीत आहे.